मुंगळ्याची राणी, एक परीक्षानळी आणि दीड महिना



मृगाचा पहिला दणकून पाऊस पडून गेला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक म्हणजे ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालून खाली पंखांचा सडा पाडणारी पंखवाली वाळवी. दुसरे म्हणजे मोठे काळे मुंगळे, काही पंखांसकट, काही नुकतेच पंख गळून गेलेले. सकाळी झाडणाऱ्या मावशी दोघांनाही एकाच सुपलीत भरून बाहेर टाकतात. आजचा लेख त्या सुपलीतल्या पंख गळालेल्या मुंगळीबद्दल आहे. ती असते राणी, आणि एका अख्ख्या वसाहतीची सुरुवात एकटी तिच्याकडून होते.

चौथीच्या परिसर अभ्यासात 'प्राण्यांचा जीवनक्रम' हा पाठ आहे. अंडं, अळी, कोश, फुलपाखरू. आपण बहुतेक जण रुईच्या झाडावरची नाहीतर कढीपत्त्यावरची अळी बरणीत ठेवून तो शिकवतो, आणि ते छानच आहे. पण फुलपाखराची आई पानावर अंडी घालून उडून जाते. मुलांना बरणीत अळी दिसते, आई दिसत नाही. मुंगीच्या बाबतीत तेच चार टप्पे आहेत, फक्त इथे आई शेवटपर्यंत तिथेच असते. म्हणून मी तीन वर्षांपूर्वी वर्गात मुंगळ्याची राणी ठेवायचं ठरवलं. पहिल्या वर्षी ती आम्ही मारली. हो, मारलीच. कशी ते पुढे सांगते, कारण या सगळ्या उपक्रमातली महत्त्वाची गोष्ट मला त्यातूनच कळली.

आधी ओळख. आपल्याकडचा मोठा काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. फॅब्रिशियस या शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. माझ्या वर्गात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशी तिन्ही घरं आहेत, त्यामुळे फळ्यावर पहिल्या दिवशी मुंगी, चीमा, इरुवे असे तीन शब्द लिहिले गेले. हा मुंगळा नांगी मारत नाही, त्याला नांगीच नसते. चावतो मात्र कडकडून, आणि चावलेल्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतो, म्हणून झोंबतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण मुलांनी हाताने पकडायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून.

वाळवी आणि मुंगी यातला फरक मुलांकडूनच काढून घ्या. दोन्ही एकेक भिंगाखाली ठेवले की पाच मिनिटांत सांगतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मुंगीचे पुढचे मोठे आणि मागचे लहान. मुंगीची कंबर बारीक, वाळवीला कंबरच नाही. मुंगीच्या मिशा कोपरात वाकवलेल्या हातासारख्या, वाळवीच्या सरळ मण्यांच्या माळेसारख्या. एका मुलीने तर विचारलं, "मॅडम, मग हे दोघं नातेवाईक नाहीतच का?" नाहीत. वाळवी नात्याने झुरळाच्या जवळची, मुंगी गांधीलमाशी आणि मधमाशीच्या जवळची.

आपल्याकडे म्हणतात, मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं. नरांच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. पंखवाले नर मिलनासाठी एकदा उडतात आणि थोड्याच दिवसांत मरतात. राणीचं मात्र उलटं. हवेत मिलन झालं की ती जमिनीवर उतरते, पायांनी स्वतःचे पंख स्वतःच उपटून टाकते, जागा शोधते, मातीत लहानशी खोली करते आणि आतून दार बंद करून घेते. त्या एका मिलनातून मिळालेले शुक्राणू तिच्या पोटातल्या एका पिशवीत आयुष्यभर पुरतात. फलित अंड्यातून मादी होते, म्हणजे कामकरी किंवा पुढची राणी. अफलित अंड्यातून नर. म्हणजे नर मुंगीला आई असते, बाप नसतो! हे चौथीच्या वर्गात सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पालकसभेत सांगितलं आणि बराच वेळ हशा चालला.

आता दार बंद केल्यानंतरचा भाग, जो मला पहिल्या वर्षी नीट माहीतच नव्हता. मुंगळ्याची राणी पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत काहीही खात नाही. बाहेर पडतच नाही तर खाणार कुठून? उडण्यासाठी तिच्या छातीत जे मोठाले स्नायू होते, ते आता तिला लागणार नाहीत. ते विरघळतात. पोटात साठवलेली चरबी विरघळते. त्यातून ती अंडी तयार करते, आणि अळ्या झाल्या की आपल्या तोंडातून त्यांना तोच रस भरवते. काही अंडी ती स्वतः खाते किंवा अळ्यांना खाऊ घालते. कॅम्पोनोटस गटातल्या मुंग्यांच्या शरीरात ब्लॉकमॅनिया नावाचे जिवाणू राहतात. ते आईकडून अंड्यात उतरतात आणि वाढीला लागणारे काही पोषक घटक बनवून देतात. पण मूळ भांडवल एकच, आईचं शरीर. जे घरून शिदोरी म्हणून आणलं तेवढ्यात पहिली पिढी उभी करायची आहे. वाया गेलं तर दुसऱ्यांदा भरून मिळत नाही.

हे लक्षात घेतलं की आम्ही पहिल्या वर्षी काय केलं ते तुम्हाला कळेल. राणी सापडली म्हणून आम्हा सगळ्यांना इतका आनंद, की तिला एका पारदर्शक डबीत ठेवलं, डबी माझ्या टेबलावर. साखर घातली. पोळीचा तुकडा घातला. रोज मधल्या सुट्टीत सदतीस मुलं एकेक करून डबी हातात घेऊन बघायची. चौथ्या दिवशी अंडी दिसली, आठ की नऊ. वर्गात नुसता जल्लोष. दुसऱ्या आठवड्यात अंडी पाच होती. मग दोन. मग एकही नाही. मुलं म्हणाली, "मॅडम, कुणीतरी चोरली." मला वाटलं डबीला फट असेल. साखरेला पाणी सुटून बुरशी आली आणि तिसऱ्या आठवड्यात राणी मेली.

अंडी कुणी चोरली नव्हती. राणीनेच खाल्ली होती. सतत हादरे, उजेड, डबी उचलणं, यातून तिला जागा धोक्याची वाटते, आणि इथे पिल्लं जगणार नाहीत असं झालं की ती अंड्यात घातलेलं अन्न परत आपल्या शरीरात घेते. क्रूरपणा नाही तो, हिशेब आहे. मी मुलांना हे सांगावं की नाही यावर दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "म्हणजे आपण लई बघितलं म्हणून."

दुसऱ्या वर्षी आम्ही सगळं बदललं. साहित्य अगदी साधं आहे. प्लास्टिकची एक परीक्षानळी (काचेची लहान मुलांच्या वर्गात नकोच), स्वच्छ कापूस, पाणी आणि पुठ्ठ्याची एक नळकांडी. परीक्षानळीत तिसरा हिस्सा पाणी भरायचं आणि त्यावर कापसाचा बोळा घट्ट सरकवायचा, पाण्याला टेकेल इतका. नळी आडवी केली तर पाणी पुढे येता कामा नये, फक्त कापूस ओलसर राहिला पाहिजे. राणीला पाणी त्या कापसातून मिळतं आणि आतली हवाही दमट राहते. मग राणीला आत सोडायचं, हाताने नाही, नळीचं तोंड तिच्यासमोर धरायचं आणि मागून कागदाने हळूच ढकलायचं. बाहेरच्या तोंडाला कोरड्या कापसाचा सैलसर बोळा, म्हणजे हवा जाईल. आत चिमूटभर कोरडी बारीक वाळू टाका. याचं कारण पुढे येतंय.

साखर नाही, पोळी नाही, काही नाही. पालकांपैकी एक आजी मला रस्त्यात भेटून म्हणाल्या, "मुंग्यास्नी साखर घालावं तर पुण्य लागतं, आन तुमी उपाशी ठेवायलाव व्हय?" मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांचं समाधान झालं असं वाटलं नाही. आणखी एका पालकांनी अभ्यास सोडून हे काय चालवलंय असंही विचारलं. त्यांना मुलाची नोंदवही दाखवली. सातवीतल्या त्याच्या ताईपेक्षा त्याची वाक्यं मोठी होती!

नळी ठेवायची कुठे? आपल्याकडे हा प्रश्न मोठा आहे. सोलापुरात पाऊस पडून गेला तरी चार दिवस उघडीप मिळाली की पत्र्याच्या खोलीत भट्टी होते. पंचवीस ते तीस अंश तापमान मुंगळ्याला मानवतं. बंद नळीवर थेट ऊन पडलं तर आतला जीव अर्ध्या तासात शिजून जाईल. खिडकीत नको, टेबलावर नको, पंख्याच्या हादऱ्यात नको. आम्ही लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या हजेरीपटांच्या शेजारी ठेवली. पुठ्ठ्याच्या नळकांडीत सरकवलेली, म्हणजे अंधार. बघायचं तेव्हा नळकांडी बाहेर न ओढता नळीच हळूच पुढे सरकवायची. विजेरीवर लाल जिलेटिन कागद लावा, मुंग्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे त्या फारशा बिचकत नाहीत.

आणि बघायचं फक्त शनिवारी. सकाळच्या शाळेत, दोन मिनिटं, पाच-पाच मुलांचे गट. उरलेले पाच दिवस कपाट बंद. हे मुलांना जमेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. म्हणून मग 'अंदाज वही' सुरू केली. शुक्रवारी प्रत्येकाने लिहायचं की उद्या काय दिसेल आणि का. शनिवारी बघायचं आणि खाली खरं काय दिसलं ते लिहायचं. माझ्या अनुभवात या उपक्रमाचा सगळा अभ्यास त्या शुक्रवारच्या पानावर झाला. कपाट उघडलं असतं तर मुलांनी नुसतं पाहिलं असतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात राणी सापडली, पंख गळलेली, भिंतीच्या कडेने जागा शोधत फिरणारी. राणी ओळखायची सोपी खूण म्हणजे तिची छाती. कामकरी मुंगळ्याची छाती अरुंद असते, राणीची फुगीर, कारण तिथेच ते उडायचे स्नायू. पंख जिथे होते तिथे लहान व्रण दिसतात. पंख असलेली राणी पकडू नका, तिचं मिलन झालेलं असेलच असं नाही.

पहिल्या शनिवारी अंड्यांचा लहानसा पुंजका दिसला. पांढरट, लांबुळकी, खसखशीपेक्षा जरा मोठी. राणी ती सारखी चाटत असते. मुलांना वाटलं पापी घेते. खरं कारण असं की तिच्या लाळेमुळे अंडी एकमेकांना चिकटून राहतात आणि त्यांच्यावर बुरशी बसत नाही. एकत्र पुंजका असला की संकटात एका घासात उचलून पळता येतं.

तिसऱ्या शनिवारी पुंजक्यात काही दाणे वाकडे दिसले. अळ्या. त्यांना पाय नसतात, डोळे नसतात, नुसती मान पुढे करून खायला मागतात. इथे वर्गात वाद झाला. अर्ध्या मुलांनी अंदाज लिहिला होता की अळ्या फुलपाखरासारख्या पानं खात फिरतील. पानं खायचा प्रश्नच नाही, सगळं आईच्या तोंडातून.

मग आषाढीची सुट्टी आली, नंतर दोन दिवस पावसाची. शनिवार चुकला. मला स्वतःला इतकी हुरहुर लागली होती, की एकदा शाळा सुटल्यावर मी कपाटापर्यंत जाऊन परत आले. मुलांना नियम घालून दिल्यावर आपण चोरून बघायचं, हे बरं दिसलं नसतं.

पाचव्या शनिवारी कोश! इथे ती चिमूटभर वाळू कामाला आली. मुंगळ्याची अळी रेशमाचा कोश विणते, आणि विणायला सुरुवात करताना धागा अडकवायला तिला काहीतरी खरबरीत लागतं. गुळगुळीत नळीत तिची पंचाईत होते. राणी अळीभोवती वाळूचे कण रचते, अळी विणते, झालं की राणी वरचे कण झाडून टाकते. तयार कोश फिकट बदामी रंगाचा, टोकाला एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीने कोशात गेल्यावर टाकलेली पहिली आणि एकमेव विष्ठा. हे ऐकल्यावर वर्ग सावरायला वेळ लागतो, तासाच्या शेवटी सांगा.

आणि इथेच एक मोठा गैरसमज दुरुस्त करून घ्या. वारुळाजवळची फरशी उचलली की मुंग्या जे पांढरे मोठे दाणे तोंडात धरून पळतात, त्याला आपण सगळेच 'मुंग्यांची अंडी' म्हणतो. मीही म्हणायचे. ती अंडी नसतात, ते कोश किंवा मोठ्या अळ्या असतात. अंडं मुंगीपेक्षा मोठं कसं असेल, हा प्रश्न एवढी वर्षं मला कधी पडला नाही, चौथीतल्या मुलाला पडला.

सातव्या शनिवारी नळीत राणीशेजारी काहीतरी हललं. पहिली कामकरी. नागपंचमीच्या आसपासची गोष्ट. मुंगळ्याच्या पिल्लाला कोश आतून फोडता येत नाही, बाहेरून मदत लागते. नंतरच्या पिढ्यांना ही मदत मोठ्या बहिणी करतात, पहिल्या पिल्लांना मात्र आईच कोश फाडून बाहेर काढते. ती इतकी लहान होती की दोन मुलांनी "मॅडम, ही दुसरीच मुंगी घुसली" असं ठामपणे लिहिलं. अंगणात दिसणाऱ्या मोठ्या मुंगळ्याच्या निम्मीही नाही. रंगही फिका. दोन-तीन दिवसांनी काळी झाली.

पहिली पिढी अशीच खुजी असते, आणि ती आजारी म्हणून नाही. राणीकडे अन्न मोजकं. त्यात एक धष्टपुष्ट मुंगळा होईल किंवा चार-पाच लहान. एकच मोठा केला आणि तो पहिल्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यात गेला तर सगळं संपलं. चार लहान असतील तर एखादी अन्न घेऊन परत येईल. मोठ्या डोक्याचे दांडगे मुंगळे वसाहत वाढल्यावर, अन्न भरपूर यायला लागल्यावरच जन्मतात.

आता, आणि आता कुठे, खाऊ घालायचं. सहा आठवड्यांहून जास्त काळ उपाशी असलेल्या घरात पहिलं अन्न या चिमुकल्या मुली आणतात. नळीच्या तोंडाशी मधाचा किंवा गुळाच्या पाण्याचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, आणि उकडलेल्या अंड्याचा कण किंवा मेलेली माशी. थेंब मोठा झाला तर त्यात त्या बुडून मरतात. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर बुरशी. कामकरी मुंगी थेंब पिते पण सगळा पचवत नाही, तिच्याकडे स्वतःच्या पोटाआधी एक सामाईक पोट असतं. त्यातलं ती तोंडाला तोंड लावून आईला, बहिणींना देते. मोठ्या मुंग्या घट्ट अन्न गिळूच शकत नाहीत, त्या फक्त रस पितात. माशीचा तुकडा खरा पचवतात त्या अळ्या. पहिल्या थेंबानंतर राणीला भरवताना आमच्या पाच जणांच्या गटाने पाहिलं. बाकीच्यांना ते दिसलं नाही म्हणून दोन दिवस रुसवेफुगवे.

कामकरी आल्या की त्या बाहेर पडायला बघतात, तेव्हा नळी एखाद्या मिठाईच्या प्लास्टिक डब्यात ठेवून डब्याच्या आतल्या काठाला टाल्कम पावडर चोळा. पाय घसरतात. पाण्याच्या ताटलीवर विश्वास ठेवू नका. पुण्यात राहिलेल्या कर्नल साईक्स यांनी १८३५ मध्ये इथल्या मुंग्यांवर लिहिलं आहे. त्यांच्या घरी मिठाईच्या टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले असायचे. मोठ्या काळ्या मुंग्या पाण्यातून गेल्या. मग पायांना टर्पेंटाइन लावलं. तर एके दिवशी त्यांना मुंगी भिंतीवर चढून, टेबलाच्या वर आल्यावर खाली उडी टाकताना दिसली. त्या मुंगीला त्यांनी ठेवलेल्या लॅटिन नावाचा अर्थ 'न थकणारी' असा होतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या नळीत अकरा कामकरी होत्या. सुट्टीत त्यांना कोण बघणार? मी घरी नेणार होते, पण वर्गात मतदान झालं आणि सोडायचं ठरलं. जिथे राणी सापडली त्याच आवारात, लिंबाच्या बुंध्याशी, संध्याकाळी, मोठ्या मुंगळ्यांच्या बिळापासून लांब. जुने मुंगळे नव्या वसाहतीला जगू देत नाहीत. जमिनीत बोटभर खोल खड्डा केला, नळी त्यात आडवी ठेवली, कापूस काढला, वर सपाट दगड. त्या मातीत शिरल्याची खात्री झाल्यावर आठवड्याने रिकामी नळी काढून घेतली. मुलांनी दगडाभोवती विटांचे तुकडे लावले, खेळताना पाय पडू नये म्हणून. राण्या फार जगतात. लासियस नायगर या युरोपातल्या मुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीत अठ्ठावीस वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. मुलांनी लगेच हिशेब केला, तोवर आपण किती वर्षांचे.

यंदा मी तीन राण्या ठेवणार आहे, कारण एका राणीवर सगळा वर्ग अवलंबून ठेवणं मला आता धाडसाचं वाटतं. निसर्गात बहुतेक राण्या पहिली पिल्लं बघायच्या आधीच मरतात, आपल्याकडेही काही मरतील, आणि ते मुलांना आधीच सांगून ठेवा. ज्यांना करायचंय त्यांनी परीक्षानळ्या आणि कापूस आत्ताच मे महिन्यात आणून ठेवा. राणी पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसच जमिनीवर फिरताना दिसते, तेव्हा दुकान शोधत बसायला वेळ नसतो. आणि मावशींना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या सुपली बाहेर टाकण्याआधी तुम्हाला हाक मारतील. आमच्या मावशी आता मारतात.